नास्तिकाची उलटतपासणी : ख्रिस्ती युक्तिवादांना दिलेली माझी उत्तरं कुठे कच्ची आहेत?

शंकेखोर (धागाकर्ता)

मी नास्तिक. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी श्रद्धाळू ख्रिस्ती, भरपूर वाचणारा आणि वादाला कधीही तयार. गेले आठ महिने आमची जुगलबंदी चालू आहे. तो आठवड्याला एक युक्तिवाद घेऊन येतो आणि मी तो खोडून काढतो, निदान मला तरी तसं वाटायचं.

मागच्या आठवड्यात त्याने सरळ विचारलं, "आमच्या बाजूचा एक तरी मुद्दा तुला खरोखर अडतो का?" मी म्हटलं, "एकही नाही." तो हसला. म्हणाला, "मग तू ऐकत नव्हतास, आपली पाळी यायची वाट बघत होतास."

हे वाक्य झोंबलं. म्हणून माझी ठरलेली उत्तरं इथे मांडतो, चिरफाड करा.

'विश्व सुरू झालं, म्हणजे त्याला कारण हवं' असं तो म्हणतो तेव्हा मी विचारतो, मग देवाला कोणी केलं? 'विश्वाचे स्थिरांक (गुरुत्वाकर्षणाच्या जोरासारख्या ठरलेल्या संख्या) जीवसृष्टीसाठी अचूक जुळवलेले आहेत' याला माझं उत्तर, जुळले नसते तर हे विचारायला आपण नसतो, त्यात नवल कसलं. 'देवाशिवाय नीती कुठून येणार' यावर प्लेटोच्या संवादातला जुना पेच टाकतो : देव सांगतो म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देव सांगतो? देव निघाला तर सगळं मिळतं, नसला तर फारसं जात नाही, म्हणून 'देव असण्यावर पैज लावलेली बरी', या फ्रेंच विचारवंत पास्कलच्या सल्ल्यावर विचारतो, कुठल्या देवावर? येशू एक तर वेडा, नाही तर लबाड, नाही तर प्रभू, चौथा पर्याय नाही, असं ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसचं म्हणणं तो ऐकवतो. माझा चौथा पर्याय : आख्यायिका. पुनरुत्थानाचा, म्हणजे मेलेला येशू पुन्हा उठल्याचा, विषय आला की मी म्हणतो, येशू होऊन गेला याचाच पुरावा नाही. आणि सगळ्यात शेवटी माझा हुकमाचा एक्का : जगात इतकं दुःख का?

आस्तिकांनीही जरूर लिहा. धर्मांतर, मिशनरी, राजकारण मात्र नको. त्यासाठी शंभर धागे आहेत.

कुंपणावरचा

आठ महिने? तुमच्या ऑफिसात जागा रिकामी आहे का?

फिरकी

श्रद्धेच्या बाजूने असे युक्तिवाद करण्याला अपॉलॉजेटिक्स म्हणतात. म्हणजे माफीशास्त्र ना? मग ते नक्की कशाची माफी मागतायत?

जैतुनाची_फांदी

@फिरकी, माफीशी संबंध नाही. ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे न्यायालयात आरोपीने केलेला बचाव. सॉक्रेटिसच्या बचावालाही हाच शब्द आहे. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) तो येतो : तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा. त्याच वचनात पुढे 'सौम्यतेने' असंही आहे. तेवढा भाग आमचे बरेचसे वादपटू वगळतात.

मी ख्रिस्ती आहे. धागा चांगला वाटला म्हणून लिहितेय. सवडीने सविस्तर लिहीन. तूर्तास इतकंच की येशूबद्दलचं तुमचं उत्तर सगळ्यांत कच्चं आहे, आणि हे मी श्रद्धेपोटी म्हणत नाहीये.

मोडीवाचक

मराठीत त्याला 'मंडन' म्हणावं. खंडन-मंडनातलं मंडन. शंकेखोर खंडन करतायत, सहकारी मंडन करतोय. शब्द घरात असताना शेजारी मागायला कशाला जायचं?

अणुरेणू

पेशाने भौतिकीवाला आणि देव न मानणारा, तरी पहिल्या उत्तरावर तुम्हाला नापास करतो.

'देवाला कोणी केलं' हे ऐकायला चमकदार असलं तरी नेम चुकतो. युक्तिवाद 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असा नाहीच. 'जे *सुरू होतं* त्याला कारण असतं' असा आहे. अकराव्या शतकाच्या शेवटी मुस्लीम विचारवंत गझालीने तो मांडला, म्हणजे ही मांडणी मुस्लीम 'कलाम' (धर्मतत्त्वचर्चेच्या) परंपरेतली. १९७९ साली ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेगने ती ख्रिस्ती बाजूने पुन्हा मैदानात आणली. देव अनादि मानला की तुमचा प्रश्न गळून पडतो.

कच्चा दुवा दुसरीकडे आहे. आपण खुर्ची 'सुरू' होताना पाहिली म्हणजे लाकूड होतं, त्याची खुर्ची झाली. मूल 'सुरू' झालं म्हणजे पेशी होत्या, त्या वाढल्या. आपला सगळा अनुभव आधीच्या द्रव्याची मांडणी बदलण्याचा. काहीच नसताना काही सुरू होण्याचा अनुभव कुणाच्याच गाठीशी नाही. मग तिथे कारणाचा नियम लागू होतो हे कशावरून ठरवलं?

आणि 'विश्व सुरू झालं' हे विज्ञानाने सिद्ध केलंय का? बोर्ड, गुथ आणि विलेंकिन या भौतिकीवाल्यांचा २००३चा सिद्धांत क्रेग नेहमी पुढे करतो. सरासरीने प्रसरण पावत असलेलं विश्व भूतकाळात अनंत मागे त्याच पद्धतीने नेता येत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्यामागे काय, हे तो सिद्धांत सांगत नाही. गंमत अशी की विलेंकिन विश्वाला सुरुवात आहे या बाजूला झुकतो, आणि गुथ? २०१४ साली क्रेगशी झालेल्या वादात भौतिकीवाल्या शॉन कॅरलने गुथचे फोटोच पडद्यावर दाखवले. गुथच्या हातात कागद, त्यावर लिहिलेलं : सुरुवात होती का मला माहीत नाही, नसावी असा माझा अंदाज. एकाच सिद्धांताचे दोन जनक दोन दिशांना. तेव्हा सहकाऱ्याने 'विज्ञान म्हणतं' असं सुरू केलं की विचारायचं, कोणतं विज्ञान?

जैतुनाची_फांदी

@अणुरेणू, तुमच्या बाजूने नव्हे पण तुमच्याच मुद्द्याला जोड देते. प्रसरणाची आणि 'आदिअणू'ची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी ही कल्पना म्हणजे निर्मितीला विज्ञानाने दिलेली साक्षच, अशा अर्थाचं भाषण केलं. त्यावर सर्वांत नाराज झाला तो लमेत्र! माझा सिद्धांत देवाच्या प्रश्नापासून अलिप्त आहे, हे त्याचं मत. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी ते विधान टाळलं. श्रद्धा टिकवायची तर ती या महिन्याच्या भौतिकीवर टेकवू नये, हे आमच्याच माणसाला उमगलं होतं.

फिरकी

मी गप्प बसून एक सिद्धता तयार केली आहे.

मनात आणता येईल असा सर्वांत थोर धागा कल्पा. तो फक्त मनातच असेल तर प्रत्यक्षात असणारा धागा त्याहून थोर ठरेल. म्हणजे सर्वांत थोर धागा प्रत्यक्षात असलाच पाहिजे. तो हा नव्हे हे उघड आहे. लिंक कुणाकडे आहे?

मोडीवाचक

@फिरकी, तुम्हाला साडेनऊशे वर्षं उशीर झाला. ख्रिस्ती विचारवंत अन्सेल्मने १०७८च्या आसपास देवाबद्दल हा युक्तिवाद केला आणि गॉनिलो नावाच्या भिक्षूने लगेच त्याच साच्यात 'सर्वांत थोर बेट' बसवून दाखवलं. गॉनिलो स्वतः आस्तिक होता, हे विशेष. अन्सेल्मचं मोठेपण असं की त्याने ती टीका आणि स्वतःचं उत्तर दोन्ही आपल्या ग्रंथासोबत ठेवायला लावली. इथे तर लोक प्रतिसाद संपादित करून पुरावे मिटवतात.

इतिहासाचा_कीटक

'येशू होऊनच गेला नाही' याकडे वळू. शंकेखोर, हे म्हणणं सोडाच. या विषयात आयुष्य घालवलेल्या अभ्यासकांत, त्यात देव न मानणारेही आले, येशू नावाचा ज्यू उपदेशक होता आणि रोमन सुभेदार पिलाताच्या काळात त्याला क्रुसावर मारलं यावर जवळपास एकमत आहे. बायबलचा अभ्यासक बार्ट अर्मन तर श्रद्धा सोडलेला माणूस, आणि तोच या 'येशू नव्हताच'वाल्यांवर तुटून पडतो.

आधार काय? पौल हा आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा आणि पुढे येशूचा प्रचारक झालेला ज्यू. त्याने गलतीकरांना लिहिलेल्या, बायबलमध्ये असलेल्या पत्रात 'प्रभूचा भाऊ याकोब' याला आपण भेटल्याचं सांगितलंय, तेही जाता जाता. नसलेल्या माणसाच्या भावाला भेटता येत नाही. इ. स. ९३-९४च्या सुमारास ज्यू इतिहासकार जोसेफस येशूचा दोनदा उल्लेख करतो. त्यातल्या मोठ्या उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती हातांनी भर घातली, हे बहुतेक सगळे मानतात. याकोबाच्या मृत्यूबद्दलचा छोटा उल्लेख मात्र बहुतांश अभ्यासकांना अस्सल वाटतो. पुढे इ. स. ११६च्या आसपास रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताने दिलेल्या देहदंडाची नोंद करतो, तीही ख्रिस्ती लोकांबद्दल कमालीच्या तिरस्काराने.

या उत्तराचा तोटा असा की तुम्ही ते बोललात की सहकारी तुमची ही एक चूक दाखवतो आणि त्या आडून पुनरुत्थान अलगद पुढे सरकवतो.

आता खरा सामना. हल्ली समर्थकांची आवडती पद्धत 'किमान तथ्यं' म्हणून ओळखली जाते, गॅरी हॅबरमासने रुळवलेली. संशयी अभ्यासकही मान्य करतील तेवढ्याच गोष्टी घ्यायच्या : क्रुसावरचा मृत्यू, आपल्याला येशू दिसला असा शिष्यांचा विश्वास, छळ करणाऱ्या पौलाचं परिवर्तन. मग विचारायचं, या सगळ्याचा उलगडा पुनरुत्थानाशिवाय करून दाखवा.

सर्वांत जुना लेखी आधार म्हणजे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५. पत्र इ. स. ५०च्या दशकाच्या मध्यातलं, आणि त्यातली कुणाकुणाला दर्शन झालं ही यादी पौलाला त्याच्याही आधी कुणाकडून तरी मिळालेली. म्हणजे 'शंभर वर्षांनी रचलेली दंतकथा' ही भाषा चालणार नाही. पण त्या यादीत रिकाम्या कबरीचा शब्द नाही. दिसलं म्हणजे काय दिसलं, हेही नाही. पौल आपल्याला झालेलं दर्शन त्याच यादीत बसवतो, आणि बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचलंत तर ते दर्शन प्रकाश आणि आवाज असं आहे, जेवायला बसलेला देह नव्हे. शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं. मार्क हे त्यांतलं सर्वांत जुनं. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही महत्त्वाच्या हस्तलिखितांत ते १६:८ला थांबतं : स्त्रिया कबरीपासून पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडलेल्या. दर्शनांच्या तपशीलवार कथा नंतरच्या शुभवर्तमानांत येतात, आणि कथा वाढत जाताना दिसते.

शंकेखोर

कबूल. 'येशू नव्हता' मागे घेतो. 'देवाला कोणी केलं' पण मागे. आठ महिन्यांत सहकाऱ्याने मला हे कधी सांगितलं नाही, लबाड आहे!

जैतुनाची_फांदी

किंवा तुमची पाळी यायची वाट बघत बसला नसेल. हलके घ्या.

@इतिहासाचा_कीटक, तुमचा प्रतिसाद न्याय्य आहे. पण दोन ठिकाणी अडवते. 'खोट्यासाठी कोण मरेल' हा आमच्याकडचा लोकप्रिय मुद्दा मी वापरत नाही, कारण बहुतेक प्रेषितांच्या हौतात्म्याच्या कथा उशिराच्या आहेत. शिवाय लोक खोट्याला खरं समजून मरतातच. पण पौलाचं काय? शिष्यांना शोक होता, आशा होती, त्यांना भास झाला असं घटकाभर मानू. पौलाला ना शोक होता ना आशा. तो या लोकांना पकडायला निघाला होता. त्याला काय मिळालं? फटके, तुरुंग.

तिरपा

@जैतुनाची_फांदी, मग मॉर्मन या अमेरिकी पंथाच्या साक्षीदारांचं काय? १८३०च्या त्यांच्या ग्रंथात अकरा जणांची नावानिशी साक्ष छापली आहे, तो ग्रंथ ज्यांवर कोरलेला होता म्हणतात ते सोन्याचे पत्रे पाहिल्याची. त्यांतले पहिले तिघे पुढे पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्यापासून दुरावले, पण साक्षीवर ठाम राहिले. नावं आहेत, तारखा आहेत, काळ छापखान्याचा. तुमच्या साक्षीदारांपेक्षा कागदपत्रं भक्कम. तुम्ही मॉर्मन का नाही?

आणि मसीहा (देवाने पाठवलेला तारणहार) पडला की पंथ संपतो, म्हणून तुमचा टिकला यात काही खास, असंही कुणी म्हणू नये. १६६६ साली सब्बताई झ्वी या ज्यू 'मसीहा'ने सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला. तरी त्याचे काही अनुयायी म्हणाले, यातच गूढ अर्थ आहे! पंथ चालूच राहिला.

जैतुनाची_फांदी

@तिरपा, मॉर्मन साक्षीदार आधीपासून स्मिथच्या गोतावळ्यातले, त्यांतले बरेच तर एकाच कुटुंबातले. विरोधक कुणी नव्हता. सब्बताईचे लोकही आधीपासून त्याचेच. म्हणून मी पौलावर बोट ठेवतेय. बाकी साक्षींबद्दल तुमचा टोला बसला, मान्य.

तिरपा

विरोधक एका फटक्यात फिरतात हो. कट्टर माणूस पक्ष बदलतो, कट्टरपणा बदलत नाही. पौलाची आधीची मनःस्थिती आपल्याला पौलाकडूनच कळते, तीही बदलल्यानंतरच्या.

इतिहासाचा_कीटक

हा चांगला मुद्दा आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर 'पौलाला नक्की काय झालं' याचं उत्तर इतिहासाच्या साधनांनी मिळत नाही. 'माहीत नाही' इतकंच म्हणता येतं. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ साली लिहिलं ते इथे उपयोगी पडतं : चमत्काराची साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहून अधिक अशक्य वाटावं, तेव्हाच ती साक्ष पुरेशी. 'माहीत नाही' आणि 'मेलेला उठला' यांत इतिहासकार पहिलं निवडणार.

कुंपणावरचा

अवांतर : अँटनी फ्लू हा एवढा मोठा नास्तिक तत्त्वज्ञ म्हातारपणी देवाकडे वळला म्हणे. त्याचं काय?

मोडीवाचक

वळला हे खरं, २००४ साली जाहीर केलं त्याने. पण कुठे वळला ते पाहा. जगाची जुळणी करून बाजूला झालेल्या देवाकडे, मृत्यूनंतरचं जीवन त्याने स्वीकारलं नाही. ख्रिस्ती झाला नाही. दोन्ही बाजू त्याला ट्रॉफीसारखं मिरवतात, बिचारा.

अणुरेणू

परत भौतिकीकडे. शंकेखोर, स्थिरांकांवरचं तुमचं उत्तरही अर्धवट. तत्त्वज्ञ जॉन लेस्लीचा दाखला ऐका : पन्नास नेमबाजांनी तुमच्यावर गोळ्या झाडल्या आणि सगळ्यांचा नेम चुकला. 'चुकला नसता तर मी विचारायला उरलोच नसतो' हे खरंच, पण तुम्ही तेवढ्यावर गप्प बसाल? का चुकला हे विचारालच.

माझ्या मते त्यांच्या भात्यातला हा सर्वांत धारदार बाण. रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेसाठीचा आमचा भाबडा अंदाज मोजलेल्या मूल्याच्या सुमारे एकावर १२० शून्यं इतक्या पट मोठा आहे. मोजलेलं मूल्य बरंच मोठं असतं तर दीर्घिका जमल्याच नसत्या. भौतिकीवाला स्टीव्हन वाइनबर्ग कडक नास्तिक, पण १९८७ साली त्याने नेमका हाच धागा पकडून, निरीक्षक असायचे तर हे मूल्य किती मर्यादेत हवं याचा हिशेब मांडला. १९९८ साली विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे सापडलं, तेव्हा मूल्य त्या मर्यादेत निघालं. म्हणजे 'आपण आहोत म्हणून' या विचारातून नास्तिकाने खरोखरीचं भाकीत केलं. पण त्यासाठी अनेक विश्वं, किंवा निदान अनेक मूल्यं असलेले अनेक प्रदेश मानावे लागतात. त्यांचा थेट पुरावा आमच्याकडे नाही. इथे आम्हीही उधारीवर आहोत.

मग मी देव का मानत नाही? एक, 'असंभाव्य' म्हणायला शक्यतांचं वाटप माहीत हवं, आणि आपल्याजवळ विश्व एकच. दोन, यावर आस्तिक मित्रांकडून मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही : देह नसलेला आत्मा असू शकतो असं मानणाऱ्यांना अचूक स्थिरांकांची गरज काय? सर्वशक्तिमान देव कुठल्याही भौतिकीत जीव घालू शकतो. चिमटीत मावतील अशा स्थिरांकांची गरज देव *नसेल* तेव्हाच लागते.

शंकेखोर

हे दुसरं उद्या वापरणार!

रात्रपाळी

वापरा, पण एक्क्याबद्दल बोलू द्या.

मी नर्स आहे, लहान मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डात. माझी श्रद्धा गेली ती पुस्तकं वाचून नव्हे. तरी 'दुःख का' हा मुद्दा कुणी पत्त्यासारखा टेबलावर आपटला की मला ते रुचत नाही.

मला जी उत्तरं माहीत आहेत ती सांगते. माणसाला स्वातंत्र्य दिलं की वाईट करण्याची शक्यता आलीच, हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लँटिंगाचा बचाव. 'देव आणि दुष्टता एकत्र असूच शकत नाहीत' हा काटेकोर तार्किक आरोप त्याने बऱ्याच अंशी बोथट केला, हे कित्येक नास्तिक तत्त्वज्ञही मानतात. पण पेशी बिघडते त्यात कुणाचं स्वातंत्र्य असतं? १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, लिस्बनची देवळं सकाळच्या उपासनेला भरलेली असताना भूकंप झाला. मागून समुद्र आला, मागून आग. हजारो मेले. पेटवलेल्या मेणबत्त्यांनीच आगी लागल्या. इथे कुणी कुणावर अन्याय केला नव्हता. तत्त्वज्ञ विल्यम रो याने १९७९ साली प्रश्न आणखी साधा केला : दूर जंगलात वणव्यात होरपळून हरणाचं पाडस कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी बघत नाही, कुणी शिकत नाही. त्यातून काय साधलं?

इतकं माझ्यापाशी आहे. पण मध्यरात्री एका आईने मला विचारलं, 'सिस्टर, याच्या वाट्याला का?' तेव्हा यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. भेटायला आलेले एक गृहस्थ तिला म्हणाले होते, देवाची काही योजना असेल. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या जागी नास्तिक असता आणि 'निसर्ग आंधळा असतो' म्हणाला असता, तरी तिने तसंच बघितलं असतं.

युक्तिवाद बरोबर आहे असंच माझं मत आहे. जिंकण्यासाठी वापरताना तो कुणाच्या जिवावर वापरतोय एवढं लक्षात असू द्या.

जैतुनाची_फांदी

@रात्रपाळी, तुम्हाला उत्तर देत नाही, कारण माझ्याकडे नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाकडे मित्र येऊन सात दिवस मूक बसतात. ते तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं. शेवटी देव बोलतो, पण कारण सांगत नाही. आणि मित्रांवर रागावतो, त्यांनी देवाची वकिली केली तरी. आमच्या मंडनकारांनी ते पुस्तक दर वर्षी वाचावं.

फिरकी

(माझी सिद्धता मागे घेतो. आज विनोद नाही.)

तिरपा

नीती राहिलीच. प्लेटोचा पेच टाकल्यावर सहकारी म्हणेल, 'चांगुलपण हा देवाचा स्वभावच आहे, आज्ञा त्यातून येते.' तेव्हा विचारा, तो स्वभाव चांगला हे कशावरून ओळखलं? आपल्याकडे आधी मोजपट्टी असल्याशिवाय? आणि बायबलमधलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय १५ काढा. अमालेकी लोकांची तान्ही मुलंसुद्धा मारण्याची आज्ञा. त्याचंही समर्थन करणारे नामवंत मंडनकार आहेत. नीती देवाकडून येते म्हणणाऱ्याला शेवटी तान्ह्या बाळांच्या हत्येची बाजू घ्यावी लागते.

जैतुनाची_फांदी

मी घेत नाही. त्या अध्यायाचं समर्थन मला जमत नाही आणि जमावं अशी इच्छाही नाही. माझ्या काही धर्मबांधवांना हे पळपुटेपण वाटतं. वाटो.

कागदी_होडी

सगळं वाचलं. पास्कल आणि लुईस कुणी घेतलेच नाहीत, म्हणून थोडक्यात. पास्कलला 'कुठला देव' हे उत्तर पुरतं. शिवाय श्रद्धा ही ठरवून होत नाही हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो म्हणतो, श्रद्धा असल्यासारखं वाग, हळूहळू होईल. लुईसच्या तीन पर्यायांना 'आख्यायिका' हे उत्तर ठीक, फक्त नेमकं करा : सगळा येशू आख्यायिका नव्हे. 'मी आणि पिता एक आहोत' यांसारखे ठळक दावे योहानात आहेत, आणि ते बहुधा सर्वांत शेवटचं शुभवर्तमान.

माझा मुद्दा निराळा आहे. क्रेगने स्वतः लिहिलंय की ख्रिस्ती धर्म खरा हे त्याला मुळात पवित्र आत्म्याच्या अंतःसाक्षीने कळतं. युक्तिवाद ती गोष्ट दुसऱ्याला *दाखवण्यासाठी*. बुद्धी श्रद्धेची सेविका, न्यायाधीश नव्हे. पुरावा आणि साक्ष यांत विरोध आला तर साक्ष वरचढ. मग आपण इथे जे पाडतोय ते खांब नाहीतच. घर दुसऱ्याच पायावर आहे.

जैतुनाची_फांदी

खरंय. ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ कार्ल बार्टला तर हे खांब उभारणंच नामंजूर होतं. निसर्गावरून देव कळतो म्हणणाऱ्या एमिल ब्रुनरला त्याने १९३४ साली जे उत्तर लिहिलं त्याचं शीर्षकच एका शब्दाचं : 'नाही!' आमच्यातले सगळे तुमच्या सहकाऱ्यासारखे नसतात. पण उलट विचारते. शंकेखोर, तुमचं मत कशाने बदलेल?

शंकेखोर

आठ महिन्यांपूर्वी मी त्याला म्हटलं होतं, तारे हलून आकाशात वाक्य लिहू देत, मी मानीन.

जैतुनाची_फांदी

मानाल? आधी डोळे तपासाल. मग डॉक्टरकडे जाल. मग म्हणाल, कुणी तरी प्रगत तंत्रज्ञान वापरतंय.

शंकेखोर

... हो, असंच करीन.

कागदी_होडी

म्हणजे पाया दोघांचाही दुसरीकडेच.

अणुरेणू

@कागदी_होडी, थांबा, इतकी बरोबरी करू नका. डोळे तपासणं म्हणजे पुरावा नाकारणं नव्हे, तो तपासणं. तपासून सगळ्यांना तेच दिसलं, पुन्हा पुन्हा दिसलं, तर मी बदलेन. 'विरोधी पुरावा आला तरी साक्ष वरचढ' असं मी आधीच लिहून ठेवलेलं नाही.

शंकेखोर

बरं, आज त्याच्याशी बोललो.

आधी कबूल केलं की माझी दोन उत्तरं चुकीची होती. मग त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं : मला पौल अडतो. पटतो असं नाही. तिरपा म्हणतात तसं त्याची आधीची मनःस्थिती आपल्याला त्याच्याकडूनच कळते, तरीही त्याला काय झालं हे मला माहीत नाही आणि 'भास' म्हणून पुढे जाताना मी जरा घाई करतो, हे जाणवतं. दुःखाचा मुद्दा आज काढलाच नाही, रात्रपाळी.

मला वाटलं तो खूश होईल. तो डोकं खाजवत म्हणाला, "पौल? मला वाटलं तू स्थिरांक म्हणशील. पौलावर माझी काहीच तयारी नाही. सोमवारपर्यंत वेळ दे."

इतिहासाचा_कीटक

त्याला सांगा, गलतीकरांच्या पत्राचा पहिला अध्याय आधी वाच आणि प्रेषितांची कृत्ये नंतर. उलट क्रमाने वाचलं की दोन्हींतले फरक दिसत नाहीत.

कुंपणावरचा

म्हणजे अजून आठ महिने. जागा रिकामी झाली की कळवा.